हिरव्या गाडीचा लाल स्क्रू

॥ श्री दत्त प्रसन्न ॥

खजुरी, ता. आळंद
२ सप्टेंबर २०२४

गं. भा. सुशीलाबाई यांस,
अंकुशरावाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, कुणाचं बरंवाईट झालेलं नाही. फोन करावा म्हणलं तर माझे दोन्ही कान गेलेत. कानात घालायचं यंत्र गुलबर्ग्याहून आणलं, ते शिट्टी वाजवतं आणि माणसाचा शब्द तेवढा गाळतं. मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून हा कागद.

धनराजच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही. गुडघे दुखायलेत हे खरं आहे, पण सगळं खरं तेवढंच नाही. तुमच्या दारात येऊन काय तोंड दाखवावं हे कळत नव्हतं.

आता मुद्द्याचं लिहितो. धनराजच्या सामानात एक हिरवी खेळण्यातली मोटारगाडी असेल, पंजात मावेल एवढी. लग्नाआधी आम्ही दोघं भाऊ सिकंदराबादला सोमशेखर शेठच्या हॉलमध्ये कामाला होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं लाकडी फळ्यांचा वळणावळणाचा रस्ता होता. रस्त्यात चर, चराच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी, पट्टीत वीज. गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती चरात बसते. हातातला खटका दाबला की गाडी पळते, जास्ती दाबला की वळणावर उडून पडते. मोठ्या घरची पोरं तिकीट काढून खेळायला यायची. मी मोटरी दुरुस्त करायचो आणि धनराज नवशिक्यांना खटका शिकवायचा. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. अठ्ठ्याहत्तरच्या शर्यतीत तो पहिला आला तेव्हा शेठनी ती विलायती हिरवी गाडी त्याला बक्षीस दिली. ती हॉलमध्येच ठेवलेली असायची, हॉल बंद झाल्यावर ती माझ्याकडून त्याच्याकडं यायची होती. तुमच्या लग्नात मी ती त्याच्या हातात ठेवली.

त्यानंतर जाईपर्यंतच्या त्रेचाळीस वर्षांत धनराज खजुरीला एकदाच आला, आईच्या दिवसाला. लोक म्हणाले, सासुरवाडीची शेती मिळाली, आता कशाला येतोय. मीही तेच म्हणत राहिलो. आता या वयात मला एकच गोष्ट कळायला पाहिजे. त्यानं ती गाडी कधी उघडून बघितली होती का? कामून विचारतो ते आज विचारू नका. मला जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे हे गावाला माहीत आहे, तेवढंच कारण समजा.

पूर्वी लोभ किती होता ते सांगता येत नाही, इथून पुढं असावा.

आपला,
अंकुशराव


चिंताकी, ता. औराद
१४ सप्टेंबर २०२४

ती. स्व. थोरले भाऊजी यांस,
सुशीलाबाईचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन पिराप्पानं तीनदा इचारलं, कोर्टाचं हाय का म्हणून. मी म्हणलं, न्हाई, थोरल्या भाऊजींचं हाय, गाडी मागायलेत. त्यानं इचारलं ट्रॅक्टर का. खेळण्यातली म्हणल्यावर सायकलीवर टांग मारून गेला.

भाऊजी, तुमच्यापुढं मी कधी तोंड उघडून बोललेली न्हाई. थोरल्या दिरापुढं डोक्यावर पदर आन् खाली नजर, येवढंच आमाला शिकवलेलं. तुमचा चेहरा मला नीट आठवत बी न्हाई, पाय आठवतेत. कागदापुढं पदर घ्यावा लागत न्हाई म्हणून बोलायलेय. ज्यादा झालं तर सोडून द्या.

गाडी हाय. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, त्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. उलटी करून बघितली. पोटाखाली जीभ हाय, कोंबडीच्या जिभंएवढी, आन् तिच्या दोन अंगाला तांब्याच्या मिशा. मागच्या चाकांचं रबर कडक होऊन तडकलंय. आत बसलेल्या माणसाला पांढरी टोपी हाय, नाक न्हाई. सात नंबर हुता बहुतेक, आता त्याची नुसती शेपटी राहिली.

उघडली का न्हाई, ते मला काय इचारता. स्क्रूपान्याच्या गोष्टी बायकांना कोण सांगतंय? आमच्याकडं आयुधपूजेला ती गाडी पाटावर असती. ट्रॅक्टरची चावी, विळा, खुरपं, मोटारीचा पाना आन् मधोमध ही. दर साली मी धुऊन द्यायची आन् ते कुंकू लावायचे. येवढं मला म्हाईत.

सोयाबीनला शेंगा बऱ्या हायत, पाऊस उघडला तर घरात येईल. लेक रामकिशन हैद्राबादहून दर ऐतवारी फोन करतो. जेवलीस का म्हणतो, मी व्हय म्हणते, झालं. बाकी सहा दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाई, म्हणजे आपलं दोघांचं सारखंच हाय म्हणा. चौऱ्याहत्तर वर्सांचे तुमी आन् गाडी गाडी करायलाव, शेजारचं लेकरू बरं म्हणायची पाळी आली.

गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा. लोभ करायला आता माणसंच कमी राहिलेत, तवा तुटू देऊ नका.

आपली,
सुशीलाबाई


खजुरी
२५ सप्टेंबर २०२४

गं. भा. सुशीलाबाई यांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. कोंबडीच्या जिभेचं वाचून एकटाच हसलो, तेव्हा भाकरी घेऊन आलेल्या अक्कम्मानं दारातून वाकून बघितलं. माझं डोकं फिरलं असं ती गावात सांगणार. सांगू दे.

आता गाडी ओळखायची कशी ते लिहितो. जुन्या गाडीत बघायच्या जागा ठरलेल्या असतात. चाकं आणि रबर लोक बदलतात, म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा नाही. दोन चाकं जोडणाऱ्या धुऱ्याचं टोक बघायचं. त्याला बारीक खाचा असल्या तर धुरा मूळचा, गुळगुळीत असला तर नंतर कुणीतरी घातलेला. गुलबर्ग्याचा भंगारवाला बसवप्रभु मला कधी सांगाडा, कधी नुसतं दातेरी चाक ठेवून देतो. पिशवीतून काढून हातात घेतलं की मी सांगतो हे कुठल्या जातीचं, आणि कुणी कुठं जोड दिलाय. जोड माझ्यापासून लपत नाही.

पण तुम्ही धुरा बघत बसू नका. तुम्ही एकच करा. पोटाखाली पुढच्या बाजूला एक स्क्रू आहे. आम्ही मोटर बांधणारे लोक काम संपलं की स्क्रूच्या डोक्यावर लाल व्हार्निशचा ठिपका मारतो. पुढं कुणी पाना लावला तर ठिपका तडकतो, आणि आपल्यामागं कुणी उघडलं ते कळतं. त्या गाडीवर ठिपका मी मारलेला आहे. तो शाबूत आहे की तडकलाय, उजेडात धरून बघा आणि दोन ओळी लिहा. आणि हात जोडून सांगतो, गाडी धुऊ नका, पुसूही नका. जमवणाऱ्या माणसाला तिच्यावरचा मळसुद्धा लागतो.

माझ्या मधल्या खोलीत बारा फुटांची फळी टाकून मी रस्ता केलाय. चर दोन आहेत, खटके दोन आहेत. संध्याकाळी दोन्ही हातात दोन खटके घेऊन दोन गाड्या सोडतो. उजव्या हाताची पळते, डाव्या हाताची पहिल्याच वळणावर पडते. उठून ती पुन्हा चरात बसवायची आणि परत जागेवर यायचं, असं पंचवीस-तीस वेळा होतं. गुडघे त्यानंच गेले असावेत. पलीकडं उभं राहायला कुणी असतं तर मला उठावं लागलं नसतं.

एरंडाचं पान बांधलं, बरं वाटायलंय. लोभाची आठवण ठेवा.

अंकुशराव


चिंताकी
१५ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

आधी माझं बोलणं पुरतं वाचा, मग रागवा.

तुमचं पत्र ऐन आयुधपूजेच्या सकाळी आलं. मी पाट मांडून बसलेली, हात ओले. पूजेच्या दिवशी घरात आलेला कागद उघडून वाचायचा न्हाई, देवापुढं ठेवायचा, असं आमच्या आईचं वळण. म्हणून तुमचं पाकीट बी पाटावर खुरप्याच्या शेजारी ठेवलं, त्याला हळदीकुंकू लावलं, आन् दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर उघडलं. तवर गाडी धुऊन झालती. चिंच लावून, राख लावून, दात घासायच्या जुन्या बुरशानं कोपरान् कोपरा घासलेला. स्क्रूवर लाल हुतं कायतरी. जुनं कुंकू धरून बसलंय म्हणून मी सुईनं कोरून काढलं. आता स्क्रू चकचकीत हाय. वर यंदाचं कुंकू लावलंय.

सात नंबराची शेपटी बी गेली. गाडी तीन दिवस उन्हात ठेवलीय, हलवल्यावर आतून पाण्याचा आवाज येत न्हाई.

तुमी फळीपाशी एकट्यानं दोन खटके दाबता ते वाचलं आन् मला दिवसभर काम सुचलं न्हाई. ते गेल्यापासून मी बी दोन ताटं मांडते. मांडून झाल्यावर ध्यानात येतंय, मग एक उचलून ठेवते.

सोयाबीन काढलं. राग गेला की लिहा, वाट बघायलेय.

सुशीलाबाई


खजुरी
२६ ऑक्टोबर २०२४

गं. भा. सुशीलाबाई यांस,
अ. उ. आ. वि. वि.

राग आला होता. मोटरीत पाणी घालणारं माणूस मी उभ्या जन्मात बघितलं नाही. दोन दिवस खटक्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. तुम्ही चिंच लावली, राख लावली, आणि मी काय लावलं होतं ते तुम्हाला ठाऊकच नाही.

आता ठिपका गेला, विचारायला दुसरी वाट राहिली नाही, म्हणून सरळ लिहितो. तुमच्याकडं आहे ती बक्षिसाची गाडी नाही. खरी गाडी माझ्याकडं आहे, मधल्या खोलीत, काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर.

हॉल बंद झाला तेव्हा शेठनी ती बांधून माझ्याकडं दिली, धनराजला द्या म्हणून. मी ती महिनाभर रोज काढून बघत होतो. तसला माल मी पुन्हा हाताळला नाही. मनात आलं, हा आता चिंताकीला शेतात जाणार, गाडी गोठ्यात पडणार, उंदरं रबर खाणार. तिची किंमत कळणारा मी आहे. हॉलच्या भंगारात त्याच जातीची एक फुटकी बॉडी होती. ती सांधली, हिरवा रंग दिला, भलत्याच गाडीचा धुरा घातला आणि आत मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. स्क्रूवर ठिपका मारला. अक्षता पडल्यावर ती त्याच्या हातात दिली, आणि त्यानं ती माझ्या पाया पडून घेतली.

त्यानं एकदा जरी उघडली असेल तरी पहिल्या नजरेत ओळखलं असणार. आमच्या दोघांचा हात एकाच बाकावर बसलेला. ठिपका शाबूत निघाला असता तर मी म्हणालो असतो, धनराजला कळलं नाही, तो शेतीच्या रगाड्यामुळं आला नाही. आणि पुढची चार वर्षं मी सुखानं काढली असती. तेवढ्यासाठी तुमच्याशी खोटं बोलत आलो. दुसऱ्यांच्या गाड्यांतला जोड ओळखतो म्हणून तुम्हाला बढाई लिहिली, तीही फिरून वाचवत नाही.

स्क्रू खोलून बघा. मोटरीला हात लागलेला दिसेल तर तसं लिहा. मला पत्र घालणारं माणूस आता जगात एकच आहे. हे वाचल्यावर तेही राहील का नाही, ठाऊक नाही. तरी पाठवतो.

लोभ मागायला तोंड नाही.

अंकुशराव


खजुरी
२२ नोव्हेंबर २०२४

गं. भा. सुशीलाबाई यांस,
अ. उ. आ. वि. वि.

उत्तर नाही. मागायचा हक्क मला नाही, म्हणून मागत नाही. पत्र मिळालं नसेल असं आठवडाभर स्वतःला समजावलं, पण मिळालं असणार.

तुरीला फुलोरा चांगला आहे. बसवप्रभुनं निरोप धाडला की एक जुना सांगाडा आलाय. गेलो नाही. मधल्या खोलीची वीज काढून ठेवलीय, कपाटाकडं बघवत नाही. खरी गाडी कापसात गुंडाळून खोक्यात घातलीय. तुमचा पत्ता वर लिहिलाय. तुम्ही एक शब्द कळवा, उमरग्याहून पार्सल करतो. रामकिशनला द्या, नाहीतर विहिरीत टाका.

पोस्टमन दारावरून जाताना आता माझ्याकडं बघत नाही. पत्र यायचं नाही हे त्यालाही ठाऊक झालंय.

अंकुशराव


चिंताकी
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं नरकचतुर्दशीला आलं. लिहिलं न्हाई कारण लई राग हुता, आन् रागात लिहिलेलं पत्र माणूस जपून ठेवतंय, म्हणून थांबले. राग अजून समदा गेलेला न्हाई.

स्क्रू खोलायची गरजच न्हाई. आत काय हाय ते मला तुमचं पहिलं पत्र यायच्या आधीपासून म्हाईत. आत कायबी न्हाई, गाडी रिकामी हाय. लग्नाच्या चौथ्या दिवशी त्यांनी ती उघडली. मी चुलीपाशी हुते. आधी लई वेळ हसले, मग स्क्रू माघारी बसवला. म्हणले, अण्णाला खरी आवडली असंल, मागितली असती तर मी दिली असती की. मग मला गळ्याची शपथ घातली. अण्णा आपल्या तोंडानं सांगत न्हाई तवर ही गोष्ट तुझ्या तोंडातून भाईर जायची न्हाई. म्हणून मी तुमाला पहिल्या पत्रात तसलं वेड्यागत उत्तर दिलं. तुमचा ठिपका तवाच गेला भाऊजी. मी सुईनं कोरलं ते कुंकूच हुतं, पंचेचाळीस वर्सांचं.

मोटर कुठं गेली म्हणाल, तर रामकिशन झाला त्या उन्हाळ्यात करंट टिकत न्हवता. त्यांनी ती टेपची मोटर काढली, डालड्याच्या डब्याची पाती कापून लावली आन् बॅटरीच्या सेलवर चालणारा पंखा केला. पाळण्याच्या दोरीला बांधला. लेकरू त्या वाऱ्यात गाढ झोपायचं. पाच वर्सं चालला त्यो पंखा. मोटर चांगली हुती तुमची.

ते खजुरीला येत न्हवते ते शेतीमुळं न्हाई आन् रागामुळं बी न्हाई. आलो तर खरी गाडी कपाटात दिसंल, मग अण्णाला माझ्यापुढं मान खाली घालावी लागंल, म्हणायचे. आईच्या दिवसाला आले तवा वसरीतच बसून राहिले, मधल्या खोलीत पाऊल टाकलं न्हाई. तुमाला वाटलं तोऱ्यात बसलाय.

मला राग गाडीचा न्हाई. तुमी भिऊन गप बसलाव आन् ते तुमाला जपायला गप बसले, आन् मधी मला सासर म्हणून जायला घरच राहिलं न्हाई. शेवटच्या आठ दिवसांत त्यांची वाचा गेलती. सारखं दाराकडं बघायचे. मी म्हणायचे, रामकिशन निघालाय, येतोय. रामकिशन येऊन उशाशी बसला, तरी दाराकडंच बघायचे. हे तुमाला कळावं म्हणून लिहिलं, आन् लागावं म्हणून बी लिहिलं. आता लिहून झालं.

पार्सल करू नका. आलं तर पिराप्पाच्या हाती तसंच माघारी धाडीन. आणायची असंल तर तुमी आणा. तीन बस बदलाव्या लागतेत, गुडघ्याला पान बांधून सकाळच्या गाडीनं निघा. औरादच्या स्टँडवर मी येईन. तुमाला वळखायला मला पायाकडं बघावं लागंल, तेवढं चालवून घ्या.

राग हाय तसा लोभ बी हाय. दोन्ही धरून चालावं.

आपली,
सुशीलाबाई

ता. क. एक निरोप राहिला. अण्णा सांगंल तवा काय म्हणायचं, ते त्यांनी कवाचं जुळवून ठेवलेलं हुतं. दर आयुधपूजेला गाडीला कुंकू लावताना माझ्यापुढं म्हणून दाखवायचे, आन् मला हसू यायचं. आता म्हणायला ते न्हाईत आन् ऐकायला तुमाला कान न्हाईत, म्हणून लिहून द्यायलेय. अण्णा, मला कवाच म्हाईत हुतं. हात धू आन् जेवायला बस.